‘नको बाई’ संघ

माझी लेक सातवीत असताना शाळेच्या खो-खो संघात आली आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाला नाशिकच्या क्रीडा महोत्सवात खेळायला बोलावणं आलं. संघ आदल्या दिवशीच क्रीडाशिक्षिका मॅडमबरोबर एसटीने रवाना झाला. देवळ्याच्या स्टँडवर लेकीने मला जरा बाजूला ओढलं आणि म्हणाली, “मम्मी, तुम्ही लोक येऊ नका.”

“का गं?”

“आबा ओरडतात.”

आबा म्हणजे माझे सासरे. तालुक्याच्या सामन्यात ते मैदानाच्या कडेला उभे राहून “पळ! पळ!” असं इतक्या जोरात ओरडले होते, की समोरच्या संघातली एक मुलगी दचकून आखणीच्या बाहेर पळाली आणि बाद झाली. त्या मुलीचे वडील भांडायला आले. आबा त्यांनाच समजावत होते, “मी आमच्या नातीला सांगत होतो, तुमच्या पोरीनं ऐकलं त्याला मी काय करू?”

शेवटी लेकीने परवानगी दिली, पण अटींवर. आबांनी ओरडायचं नाही, आजीने खाऊचे डबे आणायचे नाहीत आणि कोणीही तिला टोपणनावाने हाक मारायची नाही. मी तिन्ही अटी मान्य केल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई गाडीत बसल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. पिठाच्या डब्याएवढा.

“आई, ती नको म्हणाली होती.”

“तिला देतंय कोण? बाकीच्या पोरी काय उपाशी खेळतील?”

गाडी माझा नवरा चालवत होता. त्याचं खतांचं दुकान आहे आणि त्या दिवशी ते बंद ठेवल्याचं दुःख चांदवड येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर होतं. पिंपळगाव मागे पडल्यावर तो जरा खुलला आणि आबांशी मिसळ कुठे खायची यावर बोलू लागला. आबांच्या मते सामना अकराला आहे, तर दहापर्यंत मिसळ खाऊन होते. सगळं गणित सोपं होतं.

नाशिकमध्ये द्वारका चौकाच्या अलीकडे पोलिसांनी आमची गाडी एका गल्लीत वळवली, त्या गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, आणि तिथून आम्ही बाहेर पडलो ते थेट धावण्याच्या शर्यतीत. म्हणजे रस्ता बंद करायला हवा होता तिथे फक्त एक दोरी जमिनीवर पडलेली होती, आणि आम्ही ती ओलांडून आत गेल्यावर मागून एका माणसाने ती उचलून बांधली. पुढे माणसं पळत होती, मागून माणसं पळत येत होती, आणि मध्ये आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये. कडेला उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते. आबांनी काच खाली करून दोघा-तिघांना नमस्कार केला.

सासूबाई बराच वेळ शेजारून पळणाऱ्या लोकांकडे बघत होत्या. त्यात एक त्यांच्याच वयाचे गृहस्थ होते, घामाने निथळत, तोंड उघडं टाकून.

“हाई काय शे?” त्यांनी मला विचारलं. सासूबाई सटाण्याकडच्या. घाबरल्या किंवा रागावल्या की त्यांच्या तोंडून अहिराणी येते.

“शर्यत आहे, आई. तब्येतीसाठी पळतात.”

“ही तब्येत?” असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि खिडकीतून त्या गृहस्थांपुढे लाडू धरला. त्यांनी न थांबता घेतला. मागच्याने ते पाहिलं आणि तोही खिडकीशी आला. मग बायका आल्या, मग कॉलेजची पोरं आली. एकाने “आजी, पाणी आहे का?” असंही विचारलं. नवरा म्हणत होता, “आई, काच वर घे, मला आरशात काही दिसत नाहीये.” पण सासूबाईंचे दोन्ही हात चालू होते. शर्यतीचा रस्ता उजवीकडे वळला आणि आम्हाला डावीकडे जायला मिळालं, तोवर डबा रिकामा झाला होता. सासूबाईंनी झाकण लावलं आणि समाधानाने मागे टेकून बसल्या.

मैदानाच्या फाटकाशी माझी नणंद आणि दाजी उभे होते. ताई सातपूरला राहतात, दाजी तिथल्याच एका कारखान्यात आहेत. ते रात्रपाळी करून थेट आले होते, घरी पाठही टेकली नव्हती. आम्हाला बघून त्यांनी हात जोडले, पण डोळे मिटलेलेच राहिले.

“जावईबापू, तुम्ही कशाला तसदी घेतली?” आबा म्हणाले.

“नाही, नाही. भाचीचा सामना आहे,” दाजी डोळे मिटूनच म्हणाले आणि फाटकाच्या खांबाला टेकले.

फाटकावर एक सुरक्षारक्षक होता. त्याने आम्हाला पास विचारला. पास नव्हता. पास कुठे मिळतो विचारलं, तर म्हणाला, आत, कार्यालयात.

“मग आम्ही आत जाऊन घेऊन येतो,” नवरा म्हणाला.

“आत जायला पास लागतो.”

नवऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, की तो मस्करी करतोय का. तो करत नव्हता. त्याला सकाळपासून हेच सांगायचं होतं आणि तो ते प्रामाणिकपणे सांगत होता. आबांनी आपण देवळ्याहून आलो आहोत, नात खेळते आहे, नातीचं नाव काय, तिच्या शाळेचे मुख्याध्यापक आपले कसे ओळखीचे आहेत, असं सगळं सांगितलं. रक्षकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाबा, बरोबर आहे तुमचं. पास दाखवा.”

मी मॅडमना फोन लावला, तो उचलला गेला नाही. शेजारी उभ्या असलेल्या पोलीस शिपायाला विचारलं, त्याने आम्हाला परत रक्षकाकडेच पाठवलं.

तेवढ्यात पिवळा टी-शर्ट घातलेली एक स्वयंसेवक मुलगी आली. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि पाठीमागे एकजण ताकाच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभा होता. तिने आमची कहाणी ऐकली आणि आवाज खाली करून म्हणाली, “काका, पास प्रेक्षकांना लागतो. खेळाडूंना नाही. कुटुंब रस्सीखेचमध्ये नाव द्या आणि आत जा. सहा माणसं लागतात, तुम्ही सहाच आहात.”

“आम्हाला दोर ओढायचा नाहीये,” मी म्हटलं.

“ओढू नका ना. नावं दिलेल्यांतले निम्मे लोक येतच नाहीत. आत गेलं की तुम्ही मोकळे.”

हे आम्हाला पटलं. तिने नावं लिहून घेतली. शेवटी तिने विचारलं, “संघाचं नाव?” आणि त्याच क्षणी ताकवाल्याने सासूबाईंपुढे ट्रे धरला.

“नको बाई,” सासूबाई म्हणाल्या.

मुलीने ते लिहिलं. आम्हाला वाटलं ती दुसरंच काही लिहितेय. मग तिने सहा भगभगीत नारिंगी टी-शर्ट दिले आणि ते घातल्याशिवाय रक्षक सोडणार नाही असं सांगितलं. सगळे एकाच मापाचे होते. सासूबाईंनी लुगड्यावरून घातला तो गुडघ्यापर्यंत आला. आबांनी टोपी काढली, टी-शर्ट घातला आणि परत टोपी घातली. दाजींना ताईंनी घातला, लहान मुलाला घालतात तसा, एकेक हात बाहीतून ओढून. रक्षकाने आम्हाला सलाम ठोकला.

मैदान प्रचंड होतं आणि एकाच वेळी त्यावर सगळं चालू होतं. कबड्डी, लेझीम, लगोरी, कुठे मल्लखांब. प्रत्येकाचा वेगळा कर्णा. खो-खोची मैदानं अगदी पलीकडच्या टोकाला, झाडांखाली होती. अकराला पुष्कळ वेळ होता. आम्ही निवांत निघालो आणि निम्म्यात पोहोचलो असू, तेवढ्यात कर्ण्यावर आवाज आला, “नको बाई संघाने रस्सीखेचच्या मैदानावर ताबडतोब हजर व्हावे. नको बाई.”

“काय नाव ठेवतात लोक!” आबा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

परत पुकारा झाला. “नको बाई संघ. देवळा. नारिंगी टी-शर्ट.”

आम्ही सगळ्यांनी एकमेकांच्या छातीकडे पाहिलं.

पळून जावं असं मला वाटलं होतं, पण नारिंगी रंगात सहा माणसं लपत नाहीत. शिट्टी गळ्यात घातलेला एक माणूस धावत आला आणि आम्हाला हाकत घेऊन गेला. तिथे फक्कीच्या रेषा मारलेल्या होत्या, मध्ये जाडजूड दोर पडला होता आणि पंच छत्री घेऊन खुर्चीत बसले होते. समोरचा संघ आलेला नव्हता.

“नुसतं रेषेवर उभं राहा आणि दोर उचला. पुढे चाल मिळेल,” पंच म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही जिंकलात.”

नवरा म्हणाला, चला, दोन मिनिटांचं काम आहे, उगाच वाद कशाला. आम्ही दोर उचलला. पंचांनी शिट्टी वाजवली. आम्ही जिंकलो. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दोर खाली ठेवून आम्ही निघालो, तर पंच म्हणाले, “कुठे? पुढची फेरी लगेच आहे.”

मी त्यांना शांतपणे सांगितलं, की आमची मुलगी पलीकडे खेळणार आहे, आम्ही तिला बघायला आलोय आणि आम्हाला हा खेळ सोडायचा आहे.

“सोडता येत नाही. जोड्या लागल्यात. तुम्ही गेलात तर सगळं वेळापत्रक कोसळतं, आणि मला वर उत्तर द्यावं लागतं.”

“बरं, मग आम्ही हरलो असं लिहा.”

पंचांनी छत्री खाली केली. “ताई, हरायला समोर संघ लागतो.”

पुढच्या फेरीतही पुढे चालच मिळाली. समोरचं कुटुंब आलं होतं, पण त्यांच्यात पाचच माणसं निघाली. सहावा कुठे आहे यावर त्यांच्यात बाचाबाची चालली होती. मला खरं तर त्यांचा हेवा वाटला.

मग खऱ्या अर्थाने एक संघ आला. बाप, चार भाऊ आणि एक सून, सगळे व्यायामशाळेत जाणारे. दंड असे, की टी-शर्टच्या बाह्या त्यांनी कापून टाकल्या होत्या. सूनही माझ्या दुप्पट. त्यांना बघून आमच्या जिवात जीव आला. आता हरणं नक्की होतं. तरी नवऱ्याने सगळ्यांना जवळ बोलावून कानात सांगितलं, “शिट्टी वाजली की दोर सोडून द्यायचा. कोणी ताकद लावायची नाही. आबा, तुम्ही पण.”

“मी काय येडा हाय का?” आबा म्हणाले. “मला मिसळ खायचीय.”

दाजींना आम्ही सर्वांत मागे उभं केलं होतं. जावयाला पुढे कसं उभं करणार? सासूबाई म्हणाल्याच, “तुम्ही नुसता हात लावा हं. जोर करू नका.” पण शेवटच्या गड्याने दोर काखेतून घेऊन खांद्यावरून टाकायचा असतो, असं म्हणत शिट्टीवाल्या माणसाने दाजींभोवती तो नीट गुंडाळून दिला. दाजींनी पाय रोवले, मागे रेलले, आणि त्या दोराच्या आधाराने त्यांना झोप लागली. हे त्या वेळी आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

शिट्टी वाजली. ठरल्याप्रमाणे आम्ही पाचही जणांनी दोर सोडला. पलीकडच्यांनी पहिलाच हिसका असा जबरदस्त मारला होता, की समोर वजनच न लागल्याने ते सहाच्या सहा जण उताणे पडले, एकमेकांवर. धुरळा उडाला. आणि दाजी होते तिथेच होते. दोर त्यांच्या अंगाभोवती, मान खाली, पाय रोवलेले.

पंच उठून उभे राहिले. “संपूर्ण संघ जमिनीवर. फाउल! देवळ्याचा गडी उभा आहे.”

व्यायामशाळेचा बाप उठला, त्याने दाजींकडे बोट दाखवलं आणि मुलांना म्हणाला, “बघा! हलला नाही माणूस! याला म्हणतात ताकद!” मग थोरल्या मुलाने धाकट्याला विचारलं, की आधीच कोणी ओढलं. धाकटा म्हणाला, तुम्हीच. सुनेने तिसऱ्याचं नाव घेतलं. त्यातून जुनं काहीतरी निघालं, कोणाच्या साखरपुड्यातलं, आणि आवाज वाढत वाढत ते कुटुंब मैदान सोडून गेलं. शिट्टीवाला त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला. ते काही परत आले नाहीत.

“अंतिम फेरी,” पंच म्हणाले.

त्याच वेळी पलीकडच्या कर्ण्यावर मला माझ्या लेकीच्या शाळेचं नाव ऐकू आलं. मी दोर टाकून चालू लागले. शिट्टी. “सहा पाहिजेत, ताई!” मी म्हटलं, “माझी मुलगी खेळतेय हो!” पंचांचा चेहरा खरोखर पडला. ते म्हणाले, “माझी पण खेळतेय. लेझीमला. सकाळपासून एकदाही बघितली नाही.” मी परत येऊन दोरापाशी बसले. कबड्डीचा, लेझीमचा आणि खो-खोचा कर्णा एकमेकांत मिसळत होता. “सुंदर पाठलाग...” एवढं ऐकू यायचं आणि पुढे “...डावीकडून दुसऱ्या रांगेतील मुलींनी हात वर करावेत.” लेक पळतेय की बाद झाली, काहीच पत्ता नाही. ताई माझा हात धरून बसल्या होत्या.

अंतिम फेरीचा दुसरा संघ आला तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. टी-शर्ट त्यांचेही महोत्सवाचेच होते, पण खाली दोघींचे शालू होते आणि नाकात नथी. पुरुषांच्या डोक्यावर फेटे. त्यांच्यातल्या एका मावशींच्या हातात अक्षतांची पिशवी होती. त्या सरळ सासूबाईंकडे आल्या.

“अहो, तुम्ही जिंका बरं का,” त्या म्हणाल्या. “मागच्या मंगल कार्यालयात आमच्या भाच्याचं लग्न आहे. समोरचा रस्ता बंद, म्हणून म्हटलं मैदानातून पलीकडे जाऊ. फाटकावर एका मुलीने सांगितलं नाव द्या आणि जा. तेव्हापासून जिंकतोय आम्ही.”

“छे छे, तुम्ही जिंका,” सासूबाई म्हणाल्या. “आमची नात तिकडे खेळतेय.”

“मुहूर्त टळेल हो.”

“सामना संपेल हो.”

पंचांनी शिट्टी वाजवली. कोणीच ओढेना. आमच्या बाजूने दोर ढिला, त्यांच्या बाजूनेही ढिला. मधलं लाल फडकं जमिनीवर पडून राहिलं. फेटेवाले मामा एक पाऊल पुढे आले, म्हणजे हरायच्या दिशेने. ते पाहून नवराही एक पाऊल पुढे झाला. मग दोन्ही संघ दोर हातात धरून हळूहळू एकमेकांजवळ सरकू लागले.

“घ्या ना तुम्ही.”

“नाही, नाही, आधी तुम्ही.”

“आम्हाला आग्रह करू नका, लग्नघरचे आहोत.”

“अहो, म्हणूनच तर. शुभशकुन होईल.”

पंच म्हणाले, आपण पुष्कळ वर्षं पंच आहोत, पण या परिस्थितीसाठी नियमच नाही. बघता बघता गर्दी जमली. कबड्डीचे प्रेक्षक इकडे वळले. फाटकावर आमच्यासारखीच पास नाही म्हणून अडकलेली माणसंही आता आत दिसली. सगळे ओरडत होते, पण कोणाच्या बाजूने ओरडायचं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं.

आणि त्या गर्दीत पुढे मला माझी लेक दिसली. गुडघ्याला माती, वेणी सुटलेली, सोबत अख्खा संघ आणि मॅडम. तिचे डोळे लाल होते. मला लगेच समजलं. आमच्याकडे बघून तिचं तोंड उघडं राहिलं. तिची आजी, लुगड्यावर नारिंगी टी-शर्ट. तिचे दाजीमामा, उभ्याने झोपलेले. मी तिला हाताने खूण केली, की नंतर सांगते. तिने काही ऐकण्याआधीच गळ्याच्या शिरा ताणून हाक मारली, “आजी! ओढ! सोडू नको!”

तालुक्याच्या मैदानावर आबा ओरडले होते, अगदी तसंच.

सासूबाईंनी मावशींकडे पाहिलं. अगदी अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या, “माफ करा हं.” मग लुगडं खोचलं, दोन्ही हातांनी दोर धरला आणि म्हणाल्या, “आता मी सोडाव नही.”

“मग मीबी नाय,” आबा म्हणाले.

आम्ही ओढलं. सकाळपासून पहिल्यांदाच ओढलं. मला हे मान्य करायला हवं, की फार बरं वाटलं. फाटकावरचा रक्षक, कर्ण्यातलं ते अर्धं वाक्य, चुकलेला सामना, सगळं त्या दोरात गेलं. आणि पलीकडच्यांनी संधी ओळखली. ते ओढले गेलेच नाहीत, ते धावत आले. फेटे सावरत, शालू उचलत, दोर हातात धरून सहाही जण रेषेवरून आमच्या दिशेने पळत सुटले. समोरचा ताण गेल्यावर आम्ही मागे कोसळलो. दाजींवर ताई, ताईंवर मी, माझ्यावर नवरा. लग्नघरचे लोक आमच्या बाजूने पळत गेले, मामांनी पळता पळता हात जोडले, मावशींनी आमच्या ढिगावर मूठभर अक्षता टाकल्या आणि मंडळी मंगल कार्यालयाच्या दिशेने दिसेनाशी झाली.

दाजी जागे झाले. “अकरा वाजले का?” त्यांनी विचारलं.

बक्षीस म्हणून एक चषक मिळाला आणि नाशिकमधल्या एका व्यायामशाळेचं वर्षभराचं सभासदत्व, सहा जणांना, आठवड्यातून पाच दिवस, सकाळच्या वेळात. आबांनी मंचावरून विचारलं, की हे देवळ्यात चालतं का. निवेदकाला तो विनोद वाटला आणि त्याने माइकमध्ये हसून घेतलं.

लेकीचा संघ पहिल्याच सामन्यात हरला होता. तिने ते मंचामागे मला सांगितलं, अगदी थोडक्यात. मी म्हटलं, आम्ही बघू शकलो नाही. ती म्हणाली, “बरं झालं.” मग गुडघ्याची माती झटकत म्हणाली, “पण चांगली पळत होते मी. तुम्ही बघायला पाहिजे होतं.”

मॅडमच्या परवानगीने तिला आम्ही बरोबर घेतलं. मिसळ खाल्ली. दुकानदाराने चषक बघून कुठला खेळ विचारलं आणि आबांनी इतकं सविस्तर सांगितलं, की शेजारच्या टेबलावरचे लोक खायचे थांबले. लेक मात्र तर्रीत पाव बुडवत बसली होती. तिथून गोदाघाटावर गेलो, उन्हं उतरेपर्यंत बसावं म्हणून. घाटावर गर्दी होती, कोणी नदीत दिवे सोडत होतं, कोणी चणे खात होतं. लेक एकदम उठली.

“बसा सगळे,” ती म्हणाली.

“बसलोच आहोत.”

“असं नाही. ओळीत. उकिडवे. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे.”

तिने आम्हाला घाटाच्या फरशीवर खो-खोच्या पाटीत बसतात तसं बसवलं. आजी, बाबा, मी, आत्या, दाजी. आम्ही अजून नारिंगी टी-शर्टमध्येच होतो. आबांना तिने उभं केलं आणि म्हणाली, “तुम्ही त्यांची शेवटची मुलगी. जिने मला बाद केलं ती. मी पळते, तुम्ही पकडायला या, आणि खो द्या.”

“जोरात देऊ का?” आबांनी विचारलं.

“द्या. इथे चालतं.”

मग तिने तिचा पूर्ण डाव आमच्यापुढे परत खेळला. ती आमच्यामधून नागमोडी पळत होती, मध्येच थांबून सांगायची, “इथे ती चुकली,” “इथे मॅडम म्हणाल्या शाबास,” आणि परत पळायची. आबा धापा टाकत मागे. “खो!” म्हणून त्यांनी सासूबाईंच्या पाठीवर थाप मारली, पण सासूबाईंना हसण्यामुळे उठताच येईना. त्यांनी लगेच बसल्या जागेवरून मला “खो!” दिला, जो नियमात बसत नाही. मी उठले आणि पळाले. घाटावरची माणसं थांबून बघू लागली. एका बाईंनी मला विचारलं, हे महोत्सवातलंच आहे का. मी हो म्हटलं.

शेवटी लेक एका ठिकाणी थांबली. ओल्या दगडावर पाय सरकल्यासारखं केलं आणि हात टेकला.

“इथे,” ती म्हणाली. “इथे घसरले आणि तिने पाठीला हात लावला.”

आबांनी हलकेच तिच्या पाठीला हात लावला. मग आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो आणि त्या दगडाकडे नीट बघितलं.